एकच मराठी साइट तीन मशीनवर तीन तऱ्हांनी दिसते, बिघाड नक्की कुठं शोधायचा?

बिंदू_चौक_ई_केंद्र
मंडळी, आमच्याकडं लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. एका पतसंस्थेची सभासदांसाठीची नवी साइट आहे. मोबाइलवर झकास दिसते. दुकानातल्या मशीनवर मात्र असं होतंय:

१. विंडोज १०, क्रोम एकदम नवं. पान उघडं पडतं. रंग नाही, रकाने नाहीत, निळ्या लिंका एकाखाली एक आणि लोगो अख्ख्या स्क्रीनभर.
२. लॅपटॉप, विंडोज ११, स्क्रीन १३६६ बाय ७६८. वरचा मेन्यू गायब, त्याजागी तीन आडव्या रेघा. फॉर्मच्या खिडकीतलं 'पुढे' बटण स्क्रीनच्या खाली जातं, स्क्रोल केलं तरी येत नाही.
३. विंडोज ७, क्रोम १०९. रकाने एकमेकांवर चढतात, बटणांना रंग नाही.

शिवाय तिन्हीकडं मथळ्यांच्या वरच्या वेलांट्या कापलेल्या, आणि 'अॅडमिशन', 'अॅप' अशा शब्दांत मधेच ठिपक्यांचं वर्तुळ. हे सगळं एकाच दुखण्याचं आहे का वेगवेगळं? सुरुवात कुठनं करायची?

झणझणीत
कॅशे, म्हणजे ब्राउझरनं साठवलेल्या जुन्या फाइली, उडवा. कंट्रोल, शिफ्ट, डिलीट. 'ऑल टाइम' निवडा, सगळ्या खुणा करा, विषय संपला.

लेथ_उद्यमनगर
झणझणीत भावा, विषय नाही संपत, गिऱ्हाइकाचं काम संपतं. सगळ्या खुणा केल्या की कुकीजही जातात, म्हणजे प्रत्येक साइटवर परत लॉगिन आणि परत ओटीपी. त्यात पासवर्डच्या रकान्यावर खूण राहिली तर साठवलेले पासवर्डही गेले. दुकानातल्या मशीनवर हे करू नका.

जुनी फाइल अडकल्याचा संशय असेल तर तेवढ्या एका पानापुरता उपाय आहे. एफ१२ दाबा. बाजूला डेव्हलपर टूल्सची पट्टी उघडते, ती उघडी असतानाच रीलोडच्या गोल बाणावर उजवं क्लिक करा, तीन पर्याय येतात. त्यातला शेवटचा 'एम्प्टी कॅशे अँड हार्ड रीलोड'. पट्टी बंद असेल तर हा मेन्यू येतच नाही, म्हणून बऱ्याच जणांना तो माहीत नसतो. कुकीजला धक्का लागत नाही.

आणि तुमची दुखणी चार-पाच वेगळी आहेत. एका गोळीनं जाणार नाहीत.

पांढरा_रस्सा
आधी दोष कुणाचा ते ठरवा: साइटचा, ब्राउझरचा का मशीनचा. तीन चाचण्या पुरतात. तीच साइट त्याच मशीनवर दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा. मग मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून बघा, म्हणजे ब्रॉडबँड आणि राउटर बाजूला पडतो. मग इन्कॉग्निटो (खासगी) खिडकी, कारण तिथं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली जादा साधनं, आपोआप बंद असतात. सेटिंग्जना हात नंतर.

गवा_रेडा
रस्सासाहेब, एक दुरुस्ती. इन्कॉग्निटोत एक्स्टेन्शन बंद असतात हे बरोबर, पण झूम आणि फॉन्टची सेटिंग्ज नेहमीच्या प्रोफाइलमधूनच येतात. कुणी किमान अक्षराचा आकार वाढवून ठेवला असेल तर इन्कॉग्निटोतही पान तसंच फाटलेलं दिसतं, आणि माणूस म्हणतो साइटच खराब. त्यापेक्षा उजव्या कोपऱ्यातल्या प्रोफाइलच्या चित्रावर क्लिक करून 'गेस्ट' खिडकी उघडा. तिथं सगळं कोरं असतं.

गेस्टमध्ये नीट आणि इन्कॉग्निटोत बिघडलेलं, तर फॉन्ट नाहीतर झूम. दोन्हीकडं नीट, नेहमीच्या खिडकीतच बिघडलेलं, तर एक्स्टेन्शन, कॅशे किंवा कुकी. तिन्हीकडं बिघडलेलं, तर साइट, नेटवर्क किंवा मशीन.

पांढरा_रस्सा
मान्य. गेस्टच धरा.

लेथ_उद्यमनगर
आता एक नंबरच्या मशीनचं. पान उघडं पडणं म्हणजे मजकूर आला, पण सजावटीची सीएसएस फाइल आली नाही किंवा ब्राउझरनं घेतली नाही. का नाही घेतली हे ब्राउझर स्वतःच लिहून ठेवतो, अंदाज लावायची गरज नाही. एफ१२, वर 'नेटवर्क', खालच्या गाळणीत 'सीएसएस', आणि आता पान रीलोड करा. लाल ओळ दिसेल, तिच्या 'स्टेटस' रकान्यात बघा.

४०४ असेल तर फाइल सर्व्हरवर नाही. साइट नवी चढवली की सीएसएसचं नाव बदलतं, आणि तुमच्या ब्राउझरनं जुनं पान धरून ठेवलं असेल तर ते जुन्या नावाची फाइल मागत बसतं. यालाच वरचं हार्ड रीलोड लागू पडतं.

'मिक्स्ड' म्हणत असेल तर पान एचटीटीपीएसवरचं आणि सीएसएस साध्या एचटीटीपीवरून बोलावली आहे. सुरक्षेसाठी ब्राउझर ती अडवतो. हे सगळ्यांकडंच दिसतं, दुरुस्ती साइटवाल्याची.

फाइल २०० म्हणून, म्हणजे व्यवस्थित, आली तरी लागू नाही, तर 'कन्सोल'मध्ये बघा. 'माइम टाइप'ची, म्हणजे फाइलीच्या प्रकाराची, तक्रार असेल तर सर्व्हर सीएसएसच्या जागी चुकीच्या पानाचा एचटीएमएल पाठवतोय.

'ब्लॉक्ड' आणि पुढं 'क्लायंट' असा शब्द असेल तर तुमच्याच ब्राउझरमधल्या एखाद्या एक्स्टेन्शननं अडवलं आहे. बहुतेक वेळा जाहिरात रोखणारं.

शाहूपुरी_व्यापारी
जाहिरातीवालं एक्स्टेन्शन सीएसएस कशाला अडवेल? ती काय जाहिरात आहे?

लेथ_उद्यमनगर
ते नाव बघून अडवतं. फाइल किंवा फोल्डरच्या नावात 'ॲड्स', 'बॅनर' असलं काही आलं की काट. साइट बनवणाऱ्यानं मुखपृष्ठावरच्या पट्टीच्या फाइली 'बॅनर ॲड्स' नावाच्या फोल्डरात ठेवल्या आणि सीएसएसही तिथंच टाकली, तर ती गेलीच.

गवा_रेडा
दोन नंबरचा लॅपटॉप बिघडलेला नाही, गणित आहे ते. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, तिथं 'स्केल' बघा. १२५ टक्के असणार. मग ब्राउझरच्या हिशेबानं तुमची स्क्रीन १३६६ नाही, १३६६ भागिले १.२५, म्हणजे साधारण १०९३ पिक्सेल रुंद. बऱ्याच साइट १२०० च्या खाली गेलं की मोठा मेन्यू गुंडाळून तीन रेघा दाखवतात. १५० टक्के केलं तर ९१० उरतात, तेव्हा बरेचसे रकानेही एकाखाली एक येतात.

'पुढे' बटणाचंही तेच. ७६८ उंचीतून टास्कबार, टॅब आणि पत्त्याची पट्टी वजा केली की साडेसहाशेच्या आसपास उरतात. १.२५ नं भागा, जेमतेम सव्वापाचशे. खिडकी सहाशेची बनवली असेल आणि तिला आतून स्क्रोल दिलं नसेल तर बटण खालीच राहणार.

तात्पुरता इलाज: कंट्रोल आणि वजाचं बटण दाबत झूम ८० टक्क्यांवर आणा. १२५ चं ८० टक्के म्हणजे बरोबर १००, मेन्यूही परत येईल. क्रोम हे झूम त्या साइटपुरतंच लक्षात ठेवतो, बाकीच्या साइट तशाच राहतात. मूळ जागी यायला कंट्रोल आणि शून्य. अगदीच अडलं तर शेवटच्या रकान्यात उभं राहून टॅब दाबा, चौकट न दिसणाऱ्या बटणावर जाते, मग एंटर. पण जपून, टॅब एकदा जास्त पडला तर 'रद्द करा'वर एंटर बसायचा.

झणझणीत
एफ११ दाबून पूर्ण स्क्रीन केली तरी टॅब आणि टास्कबारची जागा सुटते की. सोपं काम.

गवा_रेडा
हा, ते लई बरं. आधी एफ११, मग झूम.

कळंबा_काठ
वेलांट्या कापल्या जाण्याबद्दल. हा दोष साइट बनवणाऱ्याचा आहे, तुमच्याकडून फारसं काही होणार नाही. रोमन अक्षरांच्या हिशेबानं मथळ्याला ओळीची उंची १ किंवा १.१ ठेवतात आणि वर चौकटीबाहेरचं लपवायची सूचना देतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार, चंद्र असतात आणि खाली उकार, ऋकार. 'र्की' किंवा 'र्तें' असं काही आलं की वर जागाच नसते. त्यांना कळवा की लाइन-हाइट १.५ च्या खाली नेऊ नका, मथळ्यालासुद्धा.

आणि अजून एक सांगा. लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा. अक्षरांमध्ये अंतर सोडलं की शिरोरेषा तुटते, शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

ऱ्हस्व_दीर्घ
ठिपक्यांच्या वर्तुळाचं मी सांगते. ते वर्तुळ म्हणजे 'या खुणेला आधाराचं अक्षर मिळालं नाही' अशी ब्राउझरची तक्रार. तुम्ही लिहिलेल्या 'अॅ' मध्ये 'अ' आणि त्यावर सुटा चंद्र असे दोन तुकडे आहेत. स्वरावर स्वरचिन्ह चढवणं युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण तक्त्याच्या, नियमात बसत नाही. पूर्वी ब्राउझर डोळेझाक करायचे, नवे वर्तुळ दाखवतात. मराठीसाठी 'ॲ' हे अख्खं स्वतंत्र अक्षर २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये आलं. साइटवाल्यांनी सगळा मजकूर शोधून 'अॅ' च्या जागी 'ॲ' टाकला की वर्तुळं जातील. मात्र 'ऍ' टाकू नका, ते 'ए' वर चंद्र आहे, हिंदीसाठीचं.

असाच घोळ 'शेतकऱ्या', 'दऱ्या' मधल्या अर्ध्या र चा. तो दोन प्रकारे टाइप होतो. एक, खाली नुक्ता असलेला 'ऱ', मग हलन्त, मग य. दुसरा, साधा 'र', हलन्त, मग न दिसणारा जोडक. डोळ्याला दोन्ही सारखे, पण संगणकाला वेगळे. त्यामुळं सभासदाचं नाव एका पद्धतीनं साठवलेलं आणि शोधताना दुसऱ्या पद्धतीनं टाइप केलेलं असेल तर 'नोंद सापडली नाही' येतं. आणि एखाद्या फॉर्मनं तो न दिसणारा जोडक गाळून टाकला तर 'दर्‍या' चा 'दर्या' होतो. पहिलीच पद्धत वापरा. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट आणि जे दाबलं की 'ऱ' येतो.

शाहूपुरी_व्यापारी
ताई, मूळ पोस्टमध्येच मला वर्तुळं दिसतायत. रोग धाग्याला पण लागलाय 😄

ऱ्हस्व_दीर्घ
म्हणजे तुमचा ब्राउझर ताजा आहे, अभिनंदन.

कुठल्याही मशीनवर मराठी नीट उमटतंय का हे बघायला एक ओळ देते. पत्त्याच्या पट्टीत नको, पानावरच्या एखाद्या रकान्यात चिकटवा: 'गडहिंग्लजच्या शेतकऱ्यांनी ॲपवर कुऱ्हाडीचा हृद्य फोटो टाकला.' गडहिंग्लजमध्ये ऱ्हस्व वेलांटी ह च्या आधी आणि अनुस्वार वर आला पाहिजे, ग्ल जोडून. 'कऱ्यां' मध्ये र ची अर्धी कोयरी दिसली पाहिजे, नुक्त्याचा ठिपका नको. हृद्य मधला ऋकार आणि द्य सुटे पडले तर फॉन्ट कच्चा.

झणझणीत
कुऱ्हाडीचा हृद्य फोटो. गडहिंग्लजकर तुम्हाला शोधत येणार आता.

शाहूपुरी_व्यापारी
थोडं विषयांतर. जुन्या काही साइटवर मराठीच्या जागी भलतंच काहीतरी दिसतं, ते पण सेटिंगनं सुधारतं का?

कळंबा_काठ
काय दिसतंय त्यावर आहे. चार प्रकार वेगळे ओळखता येतात.

चौकोनी डबे: मजकूर ठीक आहे, फॉन्ट नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये निर्मला फॉन्ट मुळातच असतो, त्यामुळं डबे आता क्वचित. मंगल, कोकिला, उत्साह, अपराजिता हवे असतील तर सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये जाऊन 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' जोडा.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याला चिकटून चलनाची किंवा येनची खूण, आणि हेच पुन्हा पुन्हा: मजकूर यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीत आहे, पण ब्राउझर तो पाश्चात्त्य एन्कोडिंग समजून वाचतोय. देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं, आणि पहिले दोन बाइट जवळजवळ तेच असतात, म्हणून ती नक्षी सारखी उमटते. फायरफॉक्समध्ये ऑल्ट दाबून मेन्यू आणा, 'व्ह्यू' मध्ये 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' आहे. क्रोमनं हा मेन्यू कधीच काढून टाकला.

साधी रोमन अक्षरं आणि विरामचिन्हांची खिचडी: मजकूर कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी असल्या युनिकोडपूर्व फॉन्टमधला. कृतिदेवमध्ये टाइप केलेला 'मराठी' शब्द फॉन्ट नसेल तर रोमनमध्ये ई, जे, के, मोठा बी, एच असा दिसतो. ब्राउझरचं कुठलंही सेटिंग याला उपयोगी नाही. मजकूर उचलून त्या-त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून काढायचा, आणि नंतर अर्धी अक्षरं, रफार डोळ्यांनी तपासायचे. रफार हमखास शेजारच्या अक्षरावर जातो.

नुसती प्रश्नचिन्हं: माहिती साठवतानाच मेली. डेटाबेसचा तक्ता चुकीच्या एन्कोडिंगमध्ये होता. ती परत येत नाही, पुन्हा भरायची.

पांढरा_रस्सा
प्रश्नचिन्हांत एक पोटप्रकार: मराठी नीट आणि फक्त इमोजीच्या जागी प्रश्नचिन्ह. मायएसक्यूएल या डेटाबेसमधला जुना 'यूटीएफ८' तीनच बाइट घेतो, देवनागरीला पुरतात, इमोजीला चार लागतात. तिथं 'यूटीएफ८एमबी४' लागतो.

लेथ_उद्यमनगर
मूळ प्रश्नातलं तीन नंबरचं मशीन राहिलं. विंडोज ७ वर क्रोम १०९ हे शेवटचं. ११० पासून विंडोज १० लागतं, आणि ११० आलं २०२३ च्या फेब्रुवारीत. तेव्हापासून सीएसएसमध्ये बरंच नवं आलं. रंग मिसळायची सोय क्रोममध्ये १११ पासून, नियमात नियम लिहायची ११२ पासून. १०९ ला यातलं काही कळत नाही. न कळलेली ओळ तो गुपचूप सोडून देतो, म्हणून बटणांना रंग नाही आणि रकाने चढलेत. टेलविंड या तयार सीएसएस संचाची हल्लीची चौथी आवृत्ती वापरून साइट केली असेल तर तिला क्रोम १११ लागतंच, फायरफॉक्स असेल तर १२८.

झणझणीत
मग विंडोज ७ वर फायरफॉक्स टाकायचा.

लेथ_उद्यमनगर
टाकून बघा, पण तिथंही ११५ ची दीर्घ मुदतीची आवृत्तीच चालते. तिला रंग मिसळणं जमतं, नियमात नियम जमत नाही, ते फायरफॉक्समध्ये ११७ ला आलं. म्हणजे थोडं सुधारेल, पूर्ण नाही. आणि ज्या मशीनच्या विंडोजला सुरक्षेचे अपडेटच येत नाहीत, त्यावर लोकांचे आधार नंबर आणि बँक खाती टाकू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. चार जीबी रॅम असेल तर एसएसडी बसवून लिनक्स मिंट चढवा, ब्राउझर ताजा मिळेल. मात्र आधी प्रिंटर, स्कॅनर आणि बोटाच्या ठशाचं यंत्र लिनक्सवर चालतंय का ते पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा. ठशाच्या यंत्रावर बहुतेक गाडी अडते.

शाहूपुरी_व्यापारी
विंडोज १० चे पण नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले की. मग एक नंबरचं मशीनही रांगेत.

गवा_रेडा
रांगेत आहे, पण ब्राउझर अजून ताजा मिळतोय, त्यामुळं दिसण्याचा प्रश्न तिथं लगेच येत नाही.

बिंदू_चौक_ई_केंद्र
सगळ्यांचे आभार. एक नंबरवर गेस्टमध्ये पान नीट दिसलं. मग नेटवर्कमध्ये बघितलं, सीएसएसच्या लाल ओळीपुढं 'ब्लॉक्ड' आणि 'क्लायंट'. लेथ दादा, फोल्डरच्या नावात खरंच 'ॲड्स' आहे! एक्स्टेन्शन त्या साइटपुरतं बंद केलं, लगेच रंग आले. दोन नंबरवर स्केल १२५ च होतं, झूम ८० केल्यावर मेन्यू आणि बटण दोन्ही आलं. विंडोज ७ वालं मशीन फक्त झेरॉक्स-प्रिंटला ठेवतो. वेलांट्या, 'अॅ' आणि फोल्डरचं नाव पतसंस्थेला लिहून कळवतो.

एकच राहिलं. पावतीची प्रिंट काढली की वरची रंगीत पट्टी आणि त्यातलं पांढरं नाव दोन्ही जातं. कागदावर नुसती रक्कम.

पांढरा_रस्सा
कळवताना स्क्रीनशॉट, ब्राउझरचं नाव आणि आवृत्ती, स्क्रीनचं स्केल आणि त्या लाल ओळीचा फोटो जोडा. 'साइट नीट दिसत नाही' एवढंच लिहिलं तर 'आमच्याकडं दिसते' एवढंच उत्तर येतं.

कळंबा_काठ
प्रिंटचं: कंट्रोल आणि पी दाबल्यावर 'मोअर सेटिंग्ज' उघडा, खाली 'बॅकग्राउंड ग्राफिक्स' वर खूण करा. शाई वाचावी म्हणून ब्राउझर पार्श्वभूमीचे रंग मुळातच छापत नाही, आणि पांढरी अक्षरं पांढऱ्या कागदावर गेली की दिसणार कशी. त्याच ठिकाणी 'हेडर्स अँड फूटर्स' ची खूण काढा, म्हणजे पावतीच्या खाली साइटचा लांबलचक पत्ता छापला जाणार नाही. पावती दुसऱ्या पानावर दोन ओळी सांडत असेल तर 'स्केल' मध्ये 'कस्टम' घेऊन ९० करा. आणि कागद ए४ आहे का बघा, कधी कधी तिथं 'लेटर' असतो, तो ए४ पेक्षा आखूड, म्हणून खालची सही कापली जाते.

बिंदू_चौक_ई_केंद्र
'लेटर'च होता ताई. आली पट्टी.